कानात नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज आणि रक्तवाहिन्यांचा दाह

वारणाकाठ (सांगली) – धागाकर्ती

कानात आवाज येतो असे कोणी सांगितले की मळ असेल, दडे बसले असतील, रक्त कमी असेल असे म्हणून आपण मोकळे होतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु एक आवाज या सर्वांहून वेगळा ओळखता येतो. तो नाडीच्या ठोक्याबरोबर येतो, आणि त्याचे मूळ कानात नसून मानेतल्या किंवा छातीतल्या रक्तवाहिनीत असू शकते. आमच्या घरात हे कळायला फार वेळ गेला. तो इतरांचा जाऊ नये म्हणून हा धागा काढत आहे.

माझी धाकटी जाऊ तासगाव तालुक्यात राहते. वय तिशीच्या आत. तिला उजव्या कानात धस् धस् असा आवाज येत असे; रात्री सामसूम झाली की जास्त, आणि माडीवर चढून आली की भरभर. कानाचा पडदा स्वच्छ होता, ऑडिओग्रामही (श्रवणचाचणीचा आलेख) ठीक होता, त्यामुळे ताण घेऊ नका असे सांगून तिला झोपेच्या गोळ्या देण्यात आल्या. भाकऱ्या थापताना तिचा डावा हात भरून येई, तिसरी भाकरी परातीत असतानाच तिला हात खाली सोडून थांबावे लागे. पण ही गोष्ट तिने कोणत्याही डॉक्टरांना सांगितली नव्हती, कारण कानाच्या तक्रारीशी हाताचा काही संबंध असेल हे कोणाच्या मनात येणार? एका तपासणी शिबिरात डाव्या हातावर रक्तदाबाचे यंत्र आकडाच दाखवीना, तेव्हा यंत्र बिघडले असे समजून उजव्या हातावर रक्तदाब मोजला गेला आणि तो आकडा कार्डावर लिहून तिला पुढे पाठवण्यात आले.

पुढे सांगलीतल्या एका फिजिशियनांनी तिची दोन्ही मनगटे एकाच वेळी हातात धरली. डाव्या मनगटात नाडी लागत नव्हती. त्यांनी स्टेथोस्कोप मानेच्या उजव्या बाजूला ठेवला, आणि जो आवाज ती कित्येक महिने सांगत होती तो त्यांना बाहेरून ऐकू आला. सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) डाव्या हाताला रक्त नेणारी धमनी जवळजवळ बंद झालेली आणि उजवी कॅरोटिड धमनी (मानेतून डोक्याकडे रक्त नेणारी) अरुंद झालेली दिसली. निदान झाले ते टाकायासू आर्टेरायटिसचे.

मिकितो टाकायासू हे जपानी नेत्रतज्ज्ञ होते. १९०८ साली त्यांनी एका तरुण स्त्रीच्या डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांतले विलक्षण बदल मांडले, म्हणून आजाराला त्यांचे नाव मिळाले. मनगटातली नाडी लागेनाशी होते म्हणून याला नाडी हरवण्याचा आजार असेही म्हणतात. तो मुख्यतः चाळिशीच्या आतल्या स्त्रियांना होतो, आणि युरोप-अमेरिकेच्या मानाने आपल्याकडे व पूर्व आशियात जास्त आढळतो. शरीराची प्रतिकारशक्ती महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांच्या भिंतींवरच उलटते, भिंती सुजून जाड होतात आणि आतला मार्ग आखडतो. पाटाचे संथ पाणी अरुंद मोरीतून जाताना जसे खळाळते तसे रक्त त्या जागी खळबळते, आणि तो आवाज हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत पोहोचतो. म्हणजे तिचा कान निकामी झालेला नव्हता. तो जे खरोखर घडत होते तेच ऐकत होता.

या प्रकारच्या आजारांत कानाचा त्रास झालेल्यांनी, किंवा घरात कोणाला झाला असल्यास त्यांनी, कृपया सविस्तर लिहावे.

---

माणगंगा (आटपाडी)

ताई, माहिती वाचून काळजी वाटू लागली आहे. माझ्या दोन्ही कानांत बऱ्याच वर्षांपासून बारीक शिट्टीसारखा एकसुरी आवाज येतो. मी यंत्रमागावर काम करत असे. माझाही त्रास याच प्रकारचा असेल का?

---

अजिंक्यतारा (सातारा)

मी वाचा-श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

माणगंगा, तुमचे वर्णन पाहता तुमचा त्रास या प्रकारचा असण्याची शक्यता फार कमी आहे. यंत्रमागाच्या गोंगाटात वर्षानुवर्षे काम केलेल्यांच्या आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी झिजतात, उंच स्वर आधी कमी ऐकू येऊ लागतात आणि सोबत असा सततचा बारीक आवाज येतो. तुम्ही ऑडिओग्राम अवश्य करून घ्यावा, पण रक्तवाहिन्यांच्या आजाराची धास्ती घेऊ नये.

फरक ओळखायची पहिली रीत सोपी आहे. शांत बसून एका हाताची बोटे दुसऱ्या मनगटाच्या नाडीवर ठेवावीत आणि कानातला आवाज त्या ठोक्याबरोबर पडतो का, हे पाहावे. जिना चढून आल्यावर नाडी जलद होते, तेव्हा आवाजही तितकाच जलद झाला तर तो नाडीशी बांधलेला आहे असे समजावे. असा आवाज असला म्हणजे दाहच आहे असे मात्र नाही. रक्तक्षय, थायरॉइडचे वाढलेले काम, गरोदरपण, वाढलेला रक्तदाब, उतारवयात कॅरोटिडमध्ये साचलेली चरबी, कवटीच्या आत वाढलेला दाब, मधल्या कानातली रक्तवाहिन्यांची गाठ, मेंदूच्या आवरणातील धमनी व शीर यांचा चुकीचा जोड अशी अनेक कारणे असतात. आपल्या भागात स्त्रियांचे हिमोग्लोबिन इतके कमी आढळते की ही साधी तपासणी आधी व्हावी, असे मला वाटते. मात्र रक्त वाढूनही आवाज राहिला तर तेथे थांबू नये.

धागाकर्तीने सांगितलेली दोन्ही हातांच्या रक्तदाबाची गोष्ट अतिशय महत्त्वाची आहे. वरच्या आकड्यात १० पर्यंतचा फरक निरोगी माणसांतही दिसतो. तो प्रत्येक वेळी २० च्या आसपास किंवा त्याहून जास्त निघत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगावे. यंत्राने एका हातावर आकडाच न दाखवणे हीसुद्धा एक नोंद आहे आणि ती कार्डावर लिहिली गेली पाहिजे. ज्या हाताची धमनी अरुंद झाली आहे त्या हातावरचा रक्तदाब खोटा कमी येतो. प्रत्यक्षात रक्तदाब खूप वाढलेला असूनही तो लपून राहू शकतो. मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली असेल तर तो बहुधा वाढतो.

एक विनंती अशी की आवाज थांबतो का हे पाहण्यासाठी मानेवर दाब देण्याचा प्रयोग घरी करू नये. तपासणीत तो डॉक्टर करतात, पण आधीच अरुंद झालेल्या कॅरोटिडवर दाब देणे धोक्याचे आहे.

---

तुंबा (मिरज)

आमचे घराणे तंतुवाद्ये बनवण्याचे. माझा आजार ताईंच्या जाऊबाईंपेक्षा वेगळा आहे, परंतु कुळ एकच, म्हणून लिहितो.

सुरुवात डाव्या कानाला दडे बसण्यापासून झाली. कानाच्या पडद्यामागे पाणी साचले असे निदान झाले, प्रतिजैविके झाली, पडद्यात बारीक नळी बसवली गेली, तरी पाणी पुन्हा पुन्हा येत राहिले. नाकात रक्ताळलेल्या खपल्या धरत. माझ्या कामात तानपुऱ्याची जवारी काढणे असते. घोडीच्या पृष्ठभागावर कानस अगदी हलक्या हाताने फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे आणि पुन्हा कानस फिरवायची. तार घोडीला कोठे आणि किती स्पर्श करते यावर तिची आस (छेडल्यावर लांबत राहणारा नाद) ठरते, आणि त्या आसेत वरचे बारीक स्वर उमटले की जवारी उघडली असे आम्ही म्हणतो. हे वरचे स्वरच मला ऐकू येईनासे झाले. उजवा कान तारेजवळ नेला तर जवारी उघडलेली, डावा नेला तर तीच तार मुकी. मी जे पाणी समजत होतो त्याच्या जोडीला आतली नसही दुखावली जात होती, हे नंतर कळले.

पुढे थकवा आला, वजन उतरले, खोकला लागला. लघवीच्या साध्या तपासणीत तांबड्या पेशी व प्रथिने सापडली आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेले निघाले. त्यानंतर कोल्हापूरच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टांकडे (संधिवाततज्ज्ञांकडे) अँका नावाची रक्तचाचणी झाली आणि ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस असे निदान झाले. यात बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते आणि नाक, कान, फुप्फुसे व मूत्रपिंड ही तिची नेहमीची ठिकाणे आहेत. काही रुग्णांत सगळ्यात आधी कानच बोलतो. माझी कळकळीची विनंती आहे की प्रौढ माणसाच्या कानात वारंवार पाणी होत असेल, औषधाने ते हटत नसेल आणि सोबत नाकातून खपल्या किंवा रक्त येत असेल, तर लघवीची तपासणी तरी करून घ्यावी. ती कोणत्याही गावात होते. माझे मूत्रपिंड वाचले ते त्या एका तपासणीमुळे.

स्टेरॉइड आणि रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती आवरणारे औषध) यांनी आजार आटोक्यात आला. कानातले पाणी गेले, दडा उघडला. वरचे स्वर मात्र पूर्ण परतले नाहीत. जवारीचा शेवटचा हात आता माझा पुतण्या मारतो.

---

वारणाकाठ (सांगली) – धागाकर्ती

तुंबा दादा, तुम्ही जवारीचे उदाहरण दिल्यामुळे नसेचा बहिरेपणा म्हणजे काय हे प्रथमच नीट समजले. अजिंक्यतारा ताई, पाण्यामुळे आलेला दडा आणि नसेचा दोष हे दोन्ही रुग्णाला सारखेच वाटत असतील तर ते वेगळे कसे ओळखतात? आणि नसेचा दोष परत का फिरत नाही?

---

अजिंक्यतारा (सातारा)

रुग्णाला खरोखरच फरक कळत नाही. दोन्हींत कान गच्च भरल्यासारखा वाटतो. म्हणूनच अचानक आलेला नसेचा बहिरेपणा मळ किंवा सर्दी समजून आठवडेच्या आठवडे तेलाच्या थेंबांवर काढला जातो, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

कान-नाक-घसा तज्ज्ञ ५१२ हर्ट्झचा नादकाटा कपाळाच्या मध्यावर टेकवतात. पाणी, मळ किंवा पडद्याचा दोष असेल तर तो नाद आजारी कानात मोठा ऐकू येतो. नस दुखावली असेल तर तो चांगल्या कानाकडे जातो. तोंड मिटून हुंकार दिल्यावरही साधारण हाच फरक जाणवतो. त्यावर विसंबून घरी निदान करू नये, पण हुंकार चांगल्या कानातच घुमत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

व्याख्येप्रमाणे, ७२ तासांच्या आत शेजारशेजारच्या किमान ३ वारंवारितांवर (स्वरांच्या उंचीवर) ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त श्रवण घटले तर त्याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणतात. यात स्टेरॉइड जितके लवकर मिळेल तितके बरे. पहिल्या २ आठवड्यांत उपचार सुरू झाल्यास उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. बहुतेक रुग्णांत कारण सापडत नाही. तथापि सोबत ताप, सांधेदुखी, लाल डोळे, नाकातून रक्त, लघवीतला बदल किंवा वजन घटणे असेल, अथवा दुसराही कान जाऊ लागला असेल, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाचा विचार झालाच पाहिजे.

आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी अत्यंत बारीक असते आणि तिला पर्यायी वाट नसते. हाताची एक धमनी आखडली तर शेजारच्या लहान वाहिन्या हळूहळू रुंदावून हात तगवून धरतात, आणि त्यामुळेच ताईंच्या जाऊबाईंचा डावा हात अजून काम करतो. आतल्या कानाला ही सोय नाही. शिवाय मेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. सुजलेली पण जिवंत असलेली पेशी वाचू शकते, आणि घाई करायची ती तिच्यासाठी.

---

कृष्णा-कोयना (कराड)

माझ्या भावाचे डोळे लाल झाले, उजेड सहन होईना. त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उपचार चालू असतानाच त्याला भोवळ येऊ लागली, उलट्या झाल्या, कानात घों घों आवाज सुरू झाला आणि पाहता पाहता दोन्ही कानांचे ऐकू येणे कमी झाले. डोळ्यांचे डॉक्टर डोळा पाहत होते, कानाचे डॉक्टर कान पाहत होते. दोन्ही कागद एकाच टेबलावर येईपर्यंत बराच काळ गेला. हा कोगन सिंड्रोम होता. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ डेव्हिड कोगन यांनी १९४५ मध्ये त्याचे वर्णन केले. यात डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडद्याला आतून सूज येते आणि सोबत कान व तोल जातो.

आमच्याकडे एका तपासणीमुळे घरात फार मनस्ताप झाला, तो इतरांना होऊ नये म्हणून सांगतो. डॉक्टरांनी सिफिलिसची रक्तचाचणी लिहून दिली आणि वहिनींना ते जिव्हारी लागले. सिफिलिसमध्येही डोळा आणि कान यांना अगदी असाच त्रास होतो, त्यामुळे तो नाही याची खात्री केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यात चारित्र्यावर संशय नसतो. हे आधी दोन वाक्यांत समजावून सांगितले असते तर बरे झाले असते. काही रुग्णांत महाधमनीलाही सूज येऊन हृदयाची झडप गळू लागते, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) केला जातो. भावाचा तो सुदैवाने ठीक निघाला. डोळे वाचले, कान वाचले नाहीत. आता त्याला कॉक्लियर इम्प्लांट (आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवायचे श्रवणाचे यंत्र) बसवले आहे आणि तो समोरासमोरचे बोलणे, फोनवरचे घरच्यांचे बोलणे चांगले समजून घेतो. मंगल कार्यालयातल्या गलक्यात मात्र त्याला अजून ओठांकडे पाहावे लागते.

---

वैराटगड (वाई)

आमच्या आईंचे वय ७४ आहे. कानशिलाला एका बाजूने ठणका, केसांवरून फणी फिरवली तरी दुखते, आणि हल्ली त्याच बाजूच्या कानात आवाज येतो. हे या धाग्यात बसते का?

---

अजिंक्यतारा (सातारा)

बसू शकते, आणि उद्यावर ढकलू नये. पन्नाशीनंतर, विशेषतः सत्तरीनंतर, कानशिलाच्या धमनीला सूज येणारा जायंट सेल आर्टेरायटिस नावाचा आजार असतो. आपल्याकडे तो कमी आढळतो, पण नसतो असे नाही. घास चावताना जबडा भरून येतो का, क्षणभर अंधारी येते का, एकाची दोन दिसतात का, हे त्यांना विचारावे. यात दृष्टी अचानक आणि कायमची जाऊ शकते. आजच फिजिशियनांना दाखवावे आणि कानशिलाचे दुखणे आधी सांगावे, कानाचे नंतर.

---

वैराटगड (वाई)

आभारी आहे. चावताना जबडा दुखतो असे त्या म्हणतात. आत्ताच निघत आहोत.

---

डफळापूर (जत)

माझ्या मुलीला टाकायासू आहे. स्टेरॉइडने तिचा चेहरा सुजला, वजन वाढले. तिचे लग्न ठरवायचे आहे. गावातले लोक सांगतात की गोळ्या बंद करा, काढ्याने बरे होईल. कानातला आवाज तर गोळ्या घेऊनही गेलेला नाही. काय करावे?

---

वारणाकाठ (सांगली) – धागाकर्ती

दादा, गोळ्या एकाएकी कदापि बंद करू नयेत. बरेच दिवस स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे मंदावते. औषध अचानक तोडले तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते, आणि दाबून धरलेला दाहही उसळतो. डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवतात आणि ती उतरवता यावी म्हणूनच मेथोट्रेक्सेट, अॅझाथायोप्रिन यांसारखी दुसरी औषधे जोडतात. मात्रा उतरली की चेहऱ्याची सूज ओसरते. आमच्या जाऊबाईंची ओसरली आहे.

मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोजची गोळी समजून ते घेतल्याने माणसे दगावली आहेत, म्हणून आम्ही पाकिटावर वार लिहून ठेवला आहे. हे औषध गरोदरपणात चालत नाही. मुलीच्या लग्नाचे पाहत असाल तर मूल होऊ देण्याआधी औषधे बदलून घ्यावी लागतात, हे तिच्या डॉक्टरांशी तिच्यासमोर आणि पुढे जावईबापूंसमोर मोकळेपणाने बोलावे. आजार लपवून लग्न करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. औषधे लपवून घेणारी मुलगी ती चुकवू लागते. आजार शांत असेल आणि रक्तदाब आवरलेला असेल तर अनेक स्त्रियांची बाळंतपणे देखरेखीखाली सुखरूप होतात.

आवाजाबद्दल आम्हालाही हाच प्रश्न पडला होता. सूज उतरली तरी आखडलेला मार्ग पुष्कळदा तसाच राहतो, त्यामुळे रक्ताचा आवाजही राहतो. आवाज येतो म्हणजे औषध लागू पडत नाही, असा अर्थ काढू नये. मात्र आवाज नव्याने वाढला, दुसऱ्या कानात सुरू झाला, भोवळ आली किंवा बोलताना जीभ अडखळली, तर तारखेची वाट न पाहता दाखवावे. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या उपयोगी आहेत, परंतु काही रुग्णांत त्या ठीक असतानाही आतला दाह धुमसत असतो, म्हणून डॉक्टर मधूनमधून डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) किंवा अँजिओग्राफी सांगतात. तो खर्च वायफळ नसतो.

---

अजिंक्यतारा (सातारा)

धागाकर्तीशी पूर्ण सहमत. एक भर घालते. आवाज राहणारच असेल तर तो रात्री अगदी निःशब्द खोलीत सर्वांत जास्त टोचतो. पंखा किंवा हळू लावलेला रेडिओ ठेवल्यास लक्ष बरेच उतरते. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत येतात आणि आतला मागे सरतो. शिवाय क्षयरोगासाठी दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसीन, अमिकासिन ही इंजेक्शने कानाच्या नसेला इजा करू शकतात. दाहाची औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी होतेच. तो निघाला तर इंजेक्शनाआधी आणि नंतर ऑडिओग्राम मागून घ्यावा.

---

तुंबा (मिरज)

श्रवणदोषाचे दिव्यांग प्रमाणपत्र एका कानावर मिळते का? मला दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळाली.

---

अजिंक्यतारा (सातारा)

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांचा उल्लेख आहे. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असेल तर कमी ऐकू येणारी व्यक्ती आणि ७० डेसिबल घट असेल तर कर्णबधिर व्यक्ती, अशी त्यात व्याख्या आहे. तुमचा उजवा कान चांगला असल्यामुळे तुम्ही त्यात बसण्याची शक्यता नाही. कृष्णा-कोयना यांच्या भावाने मात्र अर्ज अवश्य करावा. जिल्हा रुग्णालयात जाताना ऑडिओग्राम, इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेचे कागद आणि आधार कार्ड सोबत न्यावे. नोंदणी आधी ऑनलाइन होते.

---

वैराटगड (वाई)

साताऱ्यात दाखवले. ईएसआर १०० च्या वर आला. डोळ्याचा पडदा तपासला, दृष्टी अजून ठीक आहे. डॉक्टरांनी स्टेरॉइड लगेच सुरू केले आणि कानशिलाच्या धमनीचा लहान तुकडा तपासणीसाठी या आठवड्यात काढणार आहेत. आधी औषध आणि मग तुकडा, कारण डोळ्यांसाठी थांबता येत नाही, असे त्यांनी समजावले. अहवाल आला की येथे कळवतो.